मी लांगऱ्याची फुंकणी

मित्रांनो, मी फुंकणी आहे. जुनी, जड आणि जरा तोंडाळ. फुंकणी म्हणजे काय ते तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल, कारण तुमच्या घरी खटका दाबला की जाळ लागतो. चुलीत लाकडं धुमसायला लागली की लोखंडी नळीचं एक टोक निखाऱ्यांपाशी धरायचं, दुसऱ्या टोकाला तोंड लावायचं आणि छाती भरून फुंकायचं. ती नळी म्हणजे मी. इंदापूर तालुक्यात शेळगावच्या एका वस्तीवर साखरबाईच्या चुलीपाशी माझा मुक्काम असतो.

हे मी आधीच ठासून सांगते, कारण मधे काही लोकांनी मला बंदूक ठरवायचा घाट घातला होता. आता त्यांचं अगदीच खोटं होतं असंही नाही. जन्मानं मी बंदुकीचीच नळी आहे. तीही साधीसुधी नाही, जपानी लष्करी रायफलीची. पण म्हणून कुणीही यावं, मला उचलावं आणि मिरवावं, हे मी खपवून घेणार नाही.

माझ्या जन्माची गोष्ट सांगायची तर आधी अरिसाकाची सांगायला हवी. नारिआकिरा अरिसाका हा जपानच्या सैन्यातला मोठा अधिकारी. आमच्या सगळ्या गोताची मूळ रचना त्याच्या डोक्यातून निघाली. मी काही त्याला पाहिलेलं नाही. टोकियोच्या शस्त्रांच्या कारखान्यात मी घडले तेव्हा तो वारून वर्षं लोटली होती. पण कारखान्यात त्याचं नाव निघायचंच. राहिलेलं सगळं साखरबाईची नात प्रतिक्षा मोबाइलवर वाचून दाखवते. ती बारामतीला कॉलेजात जाते, आणि जेवायला बसली की तिला काही ना काही वाचून दाखवायचं असतंच.

अरिसाकाच्या लहानपणी तिकडं तलवारीवाल्या सरदारांचं राज्य होतं. तो मिसरूड फुटायच्या वयाचा झाला आणि ते राज्य बुडालं. नव्या सरकारला परक्यांच्या तोडीचं सैन्य उभं करायचं होतं, आणि त्या सैन्याला आपल्याच देशात घडलेली चांगली बंदूक हवी होती. ते काम पुढं अरिसाकाकडं आलं. त्यानं शिपायांकडं पाहिलं. माणसं अंगानं लहानखुरी. जाड गोळीची बंदूक उडाली की खांद्याला केवढा हिसका बसायचा! म्हणून त्यानं गोळी बारीक केली, नळीचं भोक बारीक केलं, आणि बंदूक खांद्याला सोसेल अशी आखली. १८९७ साली ती सैन्यानं घेतली.

मग ती मांचुरियात रशियाशी लढायला गेली आणि तिची फजिती झाली. तिथली धूळ पिठासारखी बारीक. ती खटक्यात शिरली आणि बंदुका अडायला लागल्या. अरिसाकाच्या हाताखाली नंबू नावाचा अधिकारी होता. त्यानं ती रचना सुटसुटीत केली, खटक्यावर पत्र्याचं झाकण बसवलं आणि धुळीचा बंदोबस्त केला. ते झाकण चालताना खडखडायचं, म्हणून पुढं कित्येक शिपायांनी काढून फेकून दिलं, ही गोष्ट वेगळी. तर दुरुस्ती नंबूची, पण जगभर नाव चाललं ते अरिसाकाचंच. सरकारनं त्याला बॅरन केलं. आपल्याकडं सरदारकी देत तसं काहीतरी असणार.

प्रतिक्षानं हे वाचून दाखवलं तेव्हा साखरबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "म्हंजे एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर लावायची खोड तिकडं बी हाय तर."

अरिसाकाच्या कारागिरीला मी नावं ठेवणार नाही. माझ्या पोटात पिळाच्या चऱ्या आहेत, त्या अजून जशाच्या तशा आहेत. साखरबाईनं फुंकलं की वारा त्यातून सरळ धारेसारखा निघतो. दुसऱ्या कुठल्या फुंकणीचा तसा निघत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. पण तो मला भेटला असता तर मी त्याला एक गोष्ट तोंडावर विचारली असती. म्हटलं असतं, बाबा रे, आपल्या शिपायाचा खांदा दुखू नये म्हणून तू एवढा झिजलास. समोरच्याच्या छातीचा विचार कधी केलास का? तो बॅरन असो नाहीतर आणखी कुणी. विचारलं असतंच.

असो. मी घडले, तेव्हा माझ्या मागच्या लोखंडी भागावर सोळा पाकळ्यांची शेवंती कोरली होती. ती राजाची खूण. म्हणजे बंदूक राजाची, शिपाई फक्त वाहणारा. माझ्यावर जरा धूळ दिसली की शिपायाच्या थोबाडीत बसायची. माझा मान मोठा, आणि मला वाहणाऱ्या पोराला पोटभर भात नाही. असली तऱ्हा! दुसऱ्या महायुद्धात तो मला घेऊन ब्रह्मदेशात आला. तिथं माझ्यातून गोळ्या सुटल्या. बंदुकीचं कामच ते. मग जपानच्या सैन्याला माघार घ्यावी लागली. रसद संपली, माणसं तापानं फणफणली. माझ्या शिपायानं एका ओढ्याच्या काठी मला खाली ठेवलं आणि झाडांना धरत धरत तो रिकाम्या हातानं पुढं गेला. त्याचं पुढं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. कधी कधी वाटतं, कळायला हवं होतं.

मी चिखलात पडून राहिले. माझं लाकूड कुजलं, खटका कुठं गेला ते ठाऊक नाही. तिथं मला जोतीराम सापडला. हो, मलाच तो सापडला असं मी म्हणते.

जोतीराम शेळगावचा. घरची मेंढरं होती, पण त्यानं इंग्रजांच्या पलटणीत नाव घातलं. त्याला वाटलं होतं हातात बंदूक देतील. त्यांनी दिली पळी. सैन्यात स्वयंपाक करणाऱ्याला लांगरी म्हणतात. जोतीराम लांगरी झाला. त्या मुलखात पाऊस म्हणजे नुसता वैताग. लाकडं ओली, धूर डोळ्यांत, आणि सगळा तळ भुकेला. तो ओढ्यावर पाणी आणायला आला, त्याला माझं टोक चिखलातून वर दिसलं. त्यानं मला उपसलं, वाकून आरपार पाहिलं आणि पहिली गोष्ट काय केली? तोंड लावून फुंकलं! नळीतला चिखल भसकन बाहेर पडला. तो एकटाच हसला आणि म्हणाला, "हात् तिच्या! झाली की फुंकणी."

पलटणीच्या बंदूक-मिस्त्रीनं मला शिकंज्यात धरून पिळलं आणि मागच्या भागापासून सोडवलं. शेवंतीचा तो तुकडा ओढ्यात गेला. त्या दिवशी मला भयंकर राग आला होता. राजाची वस्तू मी, आणि ह्या मेंढक्यानं माझ्यात थुंकी उडवावी! पण जोतीरामानं माझ्यात कढत पाणी ओतून मला चांगली धुतली, माझं काडतुसाच्या बाजूचं रुंद टोक तोंडाकडं घेतलं, बारीक टोक निखाऱ्यांपाशी नेलं आणि छाती फुगवून फुंकर मारली. जाळ असा उठला की डाळीच्या डेगीखाली ठिणग्या नाचायला लागल्या. मागं रांगेत उभे असलेले शिपाई ओरडले. माझ्यामुळं कुणी आनंदानं ओरडलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. खरं सांगते, माझा राग तिथंच निवला.

एके दिवशी दुपारी पहारेकऱ्यांनी एका जपानी शिपायाला पकडून आणलं. पकडून कसलं, उचलूनच. त्याच्या अंगावर मांस नव्हतं. जोतीरामानं तांदळाची पेज चढवली. पहारेकरी म्हणाला, "लांगरी, याची आधी चौकशी व्हायचीय."

"व्हू द्या की," जोतीराम म्हणाला. "पर आधी खाऊ दे. मग तुमी काय इचारायचं ते इचारा."

लाकडं धुमसत होती. जोतीराम मला फुंकायला लागला आणि त्या शिपायाची नजर माझ्यावर गेली. माझ्या टोकावर नेम धरायचं लोखंडी बोंड अजून तसंच होतं. त्यानं मला ओळखलं. असलीच बंदूक त्यानंही वर्षानुवर्षं वाहिली असणार. मला वाटलं, आता हा रडणार. तो हसला. दात हलत होते तरी हसला, आणि मग वाटी दोन्ही हातांनी धरून पेज प्याला. जोतीरामानं दुसऱ्यांदा वाढली. त्याला आपली भाषा येत नव्हती, जोतीरामाला त्याची येत नव्हती, आणि कुणाचं काही अडलं नाही.

लढाई संपली तेव्हा सगळ्यांच्या सामानाची झडती झाली. बंदुकीचा तुकडाही घरी न्यायला बंदी. साहेबानं मला वळकटीतून ओढून काढलं आणि म्हणाला, हे काय? जोतीराम ताठ उभा राहून म्हणाला, "फुंकणी, साहेब." साहेबानं माझं धुरानं काळं पडलेलं तोंड पाहिलं, नाक मुरडलं आणि मला परत वळकटीत टाकलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान तो. एका लष्करी साहेबानं मला फुंकणी म्हणून मंजूर केलं.

शेळगावात जोतीरामाच्या बायकोनं, ठमाबाईनं, माझा ताबा घेतला. मग मी मेंढरांमागं हिंडले. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तांडा, निघायचा, घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यात मी. ज्या रानात मुक्काम, तिथं तीन दगड मांडायचे आणि चूल पेटवायची. मी लांब आहे, त्यामुळं फुंकणाराच्या डोळ्यांत धूर जात नाही, हे ठमाबाई साऱ्या बायकांना मिरवून सांगायची. एकदा कोकरावर आलेल्या लांडग्याच्या पाठीत तिनं मला घातलं होतं. या देशात मी केलेली लढाई तेवढीच.

पुढं मेंढरं गेली, कॅनॉलचं पाणी आलं, उसाचे फड उभे राहिले. जोतीरामाचा मुलगा दादासो शेती करायला लागला आणि साखरबाई सून म्हणून घरात आली. तिला भाकरी येत नव्हती. थापायला घेतली की नकाशा व्हायचा. सासू हसली, पण सासऱ्यानं तिला चुलीपाशी बसवून शिकवलं. सासरा सुनेला भाकरी शिकवतो म्हणून वस्तीवर केवढी चर्चा! जोतीराम म्हणायचा, "अख्खी पलटण जेवू घातलीया, एका सुनंला शिकवायला काय जातंय?" साखरबाईनं तो माणूस बापाच्या ठिकाणी मानला, तो उगाच नाही.

गावातली पोरं त्याला विचारायची, "तात्या, किती जपानी मारले?" तो म्हणायचा, "मारला कुणीबी न्हाय. जेवला मातर समदा तळ." पोरांना ते पसंत पडायचं नाही. म्हातारपणी अंथरुणाला खिळल्यावर एका सकाळी त्यानं साखरबाईला जवळ बोलावलं. म्हणाला, "साखरू, मी गेल्यावर लोक काय बी रचतील. माझ्या नावावर कुणाचं मरण लावू देऊ नको. तेवढं बघ." ती म्हणाली, "बघते, मामंजी."

घरात गॅस आला तेव्हा माझे दिवस फिरले. मला खुराड्याच्या दाराला अडणा म्हणून लावलं. कोंबड्या माझ्यावर बसायच्या आणि पुढचं मी सांगत नाही. पण गॅसवरच्या भाकरीला घरात कुणी नावाजेना. साखरबाई एक दिवस तरातरा आली, मला खुराड्यातून ओढलं, राखेनं घासलं आणि म्हणाली, "चल बाई, तुझ्यावाचून जमत न्हाय." मी फुगून बसले नाही. लगेच कामाला लागले.

आता मला बंदूक ठरवायच्या त्या घाटाची गोष्ट. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारांची पूजा करतात. साखरबाई दरवर्षी कोयता, खुरपं, मेंढरांची जुनी कातर मांडते आणि शेजारी मला ठेवते. त्या वर्षी सकाळीच विजयसिंहराव आले. गावचे पुढारी, सगळे त्यांना आबा म्हणतात. म्हणाले, "काकी, यंदा चौकात गावाची पूजा करतोय. जोतीरामतात्यांची ती जपानी नळी द्या की."

"न्या की," साखरबाई म्हणाली. "पर सांच्याला आणून द्या. उद्याच्याला भाकरी हायत."

सांज झाली, दसरा झाला, दिवाळी आली, आणि मी काही परत आले नाही. साखरबाईचा नातू ऋतिक मला आणायला गेला. ऋतिकनं आयटीआय केलेलं, कामाच्या शोधात बारामती-इंदापूर पालथं घातलेलं. आबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे रे. तिची जागा आता चुलीपाशी न्हाय. आपण स्मारक करतोय. आणि साखर कारखान्यातल्या तुझ्या नोकरीचं मी मनावर घेतलंय." पोरगं तसंच मागं फिरलं. घरी येऊन त्यानं आजीला ठिबकच्या नळीचा तुकडा कापून दिला. पहिल्याच जाळाला तो वितळून निखाऱ्यात गळाला. साखरबाईनं नातवाला जे काही सुनावलं ते मी इथं सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, तू तर तिथं नव्हतीस, मग तुला कसं ठाऊक? अहो, चुलीपाशी काय बोललं जात नाही? मागाहून सगळं कळलं.

मी तेव्हा बारामतीला एका सुताराकडं होते. त्यानं माझा धूर खरवडून काढला, मला काळा रंग फासला आणि सागवानी दस्ता करून मला त्यात बसवलं. उलटी! माझं रुंद तोंड त्यानं पुढं केलं, कारण तोफेचं तोंड मोठं असतं ते त्यानं कुठल्याशा किल्ल्यावर पाहिलं होतं. नेमाचं बोंड आलं मागं, धरणाराच्या गालाशी. ती बंदूक खरीच उडाली असती तर उडवणाराच आडवा झाला असता. आबांनी लांबून पाहिलं आणि म्हणाले, "वा! काय रुबाब हाय!" अरिसाकानं एवढी वर्षं झिजून जे सरळ केलं ते ह्यांनी एका दुपारी उलटं केलं. मला काचेच्या पेटीत ठेवून चौकातल्या नव्या चौथऱ्यावर कुलूप लावलं. जानेवारीत सव्वीस तारखेला उद्घाटन ठरलं.

त्याच्या आदल्या आठवड्यात साखरबाई प्रतिक्षाबरोबर गिरणीतून दळण घेऊन येत होती. चौकात मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर एक फौजी होता, डोक्याला फेटा, झुबकेदार मिशा. साखरबाई थबकली. "अगं बया! ह्यांना मिशा कुणी लावल्या?" जोतीरामाचा फोटो कुणाकडं नव्हता, म्हणून आबांच्या माणसांनी दादासोचा लग्नातला फोटो मिळवून त्याला मिशा आणि वर्दी चढवली होती. नवरा जाऊन वर्षं झाली, आणि तो असा चौकात भेटावा! तिला हसावं की रडावं कळेना.

"खाली काय लिवलंय?" तिनं विचारलं.

प्रतिक्षानं वाचलं, "वीर जोतीराम यांनी ब्रह्मदेशात पाच जपानी सैनिकांना कंठस्नान घालून हिसकावलेली रायफल."

"कंठस्नान म्हंजे?"

"मारलं, आजी."

साखरबाईनं डोक्यावरचं दळण खाली ठेवलं. मग ते प्रतिक्षाच्या हाती देऊन ती थेट आबांच्या दारात गेली.

आबा काही वाईट माणूस नाहीत, हे मी सांगायलाच हवं. त्यांना गावाचा अभिमान आहे, जरा जास्तच आहे. ते म्हणाले, "काकी, कोऱ्हाळ्याला जा, पणदऱ्याला जा, ज्याला त्याला आपल्या गावाचं सांगायला काही ना काही हाय. आपण काय सांगायचं? लांगरी? लांगऱ्याचं स्मारक करू? पळी घेतलेला पुतळा उभारू?"

"उभारा की. पळी घेतलेलाच उभारा."

"लोक हसतील."

"हसू द्या. हसणारी बी दोन येळा जेवत्यातच."

आबांनी इकडंतिकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि आपल्या ऋतिकचं काय? भाषण त्योच करणार हाय. पाव्हणे कारखान्यातले हायत. त्यांच्यासमोर पोराचं नाव झालं, म्हंजे काम झालंच समजा."

साखरबाई घरी आली आणि चुलीपुढं बसली. नातवाची भाकरी एकीकडं, सासऱ्याला दिलेला शब्द दुसरीकडं. ऋतिक आरशासमोर भाषण पाठ करत होता. ती त्याला एवढंच म्हणाली, "पोरा, तुझं तू ठरव. माझं मी ठरवलंय."

सव्वीस जानेवारीच्या सकाळी झेंडा झाला, शाळेची पोरं ओळीनं बसली, पाहुणे मांडवात आले. मी काचेत, उलटी, वर हार घातलेली. माझं काय होणार ते मला कळत होतं, आणि मला ओरडताही येत नव्हतं. एवढ्यात साखरबाई डोक्यावर पाटी घेऊन गर्दीतून पुढं आली. चौथऱ्यासमोर तिनं पाटी उतरवली. तीन दगड मांडले. वर तवा. शेजारी परात, पीठ, पाण्याचा तांब्या. दवानं ओली झालेली बाभळीची लाकडं रचली, खाली उसाचं पाचट सारलं आणि काडी ओढली.

जाळ काही धरेना. धूर मात्र सुटला. तो सरळ मांडवात गेला. पाहुणे खोकायला लागले, पोरं खिदळायला लागली.

आबा धावत आले. "काकी, हे काय चालवलंय?"

"भाकरी करतीया."

"आज? हितं?"

"माझी फुंकणी हितं हाय, मग मी कुठं जाऊ? तुमी पेटीतनं काढून द्या, धूर थांबतोय बघा."

"ती बंदूक हाय, काकी!" आबा डोळे चोळत ओरडले.

"बंदूक आसंल तर उडवून दावा," साखरबाई म्हणाली. "फुंकणी आसंल तर मी फुंकून दावते."

लोक हसले. आबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माइककडं बोट दाखवून ऋतिकला खूण केली. सुरू कर, म्हणजे लोकांचं लक्ष इकडं लागेल. ऋतिक माइकपाशी गेला. पहिल्या ओळीत ते कारखान्यातले पाहुणे रुमालानं डोळे टिपत होते. त्यानं कागद उघडला. "माझे पणजोबा वीर जोतीराम यांनी..." तो थांबला. समोर आजी चुलीपुढं वाकून नुसत्या तोंडानं फुंकत होती, आणि तिला ठसक्यावर ठसका लागत होता. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

ऋतिकनं कागद खिशात घातला. माइक जवळ ओढला. "माझ्या पणज्यानं कुणाला मारलं न्हाय," तो म्हणाला. "ते लांगरी होते. पलटणीला जेवू घालत होते. एका उपाशी जपान्याला बी त्यांनी पेज पाजली. ही त्याच चुलीची फुंकणी हाय. आणि ही माझ्या आजीची हाय. ती पूजंला मागून आणली आणि परत दिली न्हाय."

मग तो चौथऱ्यावर चढला. पेटीचं कुलूप त्यानं हिसडून पाहिलं, बिजागरीच निघाली. उलटी बसवलेली मी दस्त्यात घट्ट कुठली असणार? एका झटक्यात बाहेर आले. त्यानं मला आजीच्या हातात दिलं.

साखरबाईनं पदरानं मला पुसलं, रुंद तोंड ओठांना लावलं आणि फुंकर घातली. बाई गं, काय ती फुंकर! इतक्या महिन्यांचा सगळा राग तिच्या छातीतून माझ्यात आला. निखारा लाल झाला, जाळ उठला, धूर वर निघून गेला. पाहुण्यांना समोरचं दिसायला लागलं. त्यांना दिसली ती तव्यावर पडलेली पहिली भाकरी. साखरबाईनं ती भाजली, मोडली आणि ओळीत बसलेल्या शाळेच्या पोरांना वाटली. "घ्या रे. जोतीरामतात्याच्या नावानं खा." पोरांना पुढच्या भाकरीची घाई झाली. ओळ मोडली आणि सगळी चुलीभोवती येऊन बसली.

इथं सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. ऋतिकला कारखान्यात घेतलं नाही. तो आता एका ट्रॅक्टरच्या गॅरेजात काम करतो, हात काळे करून घरी येतो. कधी कधी घास त्याच्या हातातच राहतो, आणि त्याला वाईट वाटतंय हे आजीला कळतं. ती गरम भाकरी पुढं सरकवते. आबा वस्तीवर यायचे बंद झालेत. फ्लेक्स उतरवला, चौथऱ्यावरच्या शिळेत कोरलेल्या त्याच मजकुरावर चुना फासला, पण चौथरा काही त्यांनी पाडला नाही, आणि साखरबाई काही त्यांच्या दारात माफी मागायला गेली नाही. हट्टात त्या गावात कुणी कुणाला हार जायचं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी जुन्या वस्तू असतील. त्या जपा. पण जपायच्या म्हणजे काचेत घालू नका. माझ्या अंगावर रोज हात फिरला तर मला गंज चढत नाही. आणि तुमच्या घरची जुनी माणसंही जपा. ती गेल्यावर त्यांची नावं घ्या, जरूर घ्या, पण त्यांनी जे केलं तेच त्यांच्या नावावर ठेवा. त्यांनी न केलेली शौर्यं त्यांना चिकटवू नका. त्यांना आता उठून ‘नाही’ म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागतं, आणि म्हणताना काही गमवावं लागलं तरी म्हणावं लागतं.

ज्यांना जपानी बंदूक पाहायची असेल त्यांनी चौकात जावं. तिथं काचेच्या पेटीत सागवानी दस्ता अजून आहे, झकास वार्निश केलेला. माझं विचाराल तर तवा तापलाय, साखरबाईनं छाती भरून घेतलीय, आणि मी कामात आहे.